बेनीसरांचे बंद रकाने

बेनीसरांकडे स्टेपलर मागितला तर ते स्टेपलर देत नाहीत. "काय करायचंय?" असं विचारतात. तुम्ही म्हणता, कागद टाचायचेत. मग ते हात पुढे करतात, पण तो हात रिकामा असतो. तो कागद मागत असतो. तुम्ही मुकाट्यानं कागद देता. ते कडा टेबलावर आपटून सारख्या करतात, डाव्या कोपऱ्यात एकच तिरकी पिन मारतात आणि कागद परत देतात. स्टेपलर तोवर खणात गेलेला असतो. तो लाल आहे की काळा, हेसुद्धा आमच्या ऑफिसात कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मी नवी होते तेव्हा म्हणाले होते, "अहो सर, द्या ना इकडे, मी मारते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचा चष्मा नाकावरून काढून मागितलाय.

"तुला स्टेपलर पाहिजे की टाचलेले कागद पाहिजेत?"

"टाचलेले कागद."

"मग मिळाले ना?"

मिळाले होते. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तरीही मी दिवसभर धुसफुसत होते.

बेंजामिन किणी हे त्यांचं पूर्ण नाव. मनोरीचे. सकाळी तरीतून, म्हणजे खाडीतल्या होडीतून, मार्व्याला उतरायचं, तिथून बस, मग पुढे अंधेरी, असा त्यांचा रोजचा प्रवास. पांढरा हाफशर्ट, खिशाला पेन, पायात सँडल. आमची कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. प्रवेश, फी, परीक्षा, व्हॅन, कँटीन, सगळं एकात. बेनीसर त्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. मॅनेजर हो म्हणून त्यांना कितीदा सांगून झालं, ते होत नाहीत. मला स्वतःला प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नाही. मी शाळाशाळांतून फिरते आणि तिथल्या क्लार्कना, शिक्षकांना ते सॉफ्टवेअर वापरायला शिकवते. बोलणं हा माझा धंदा आहे आणि दुर्दैवानं स्वभावही.

मी पार्ल्याची. आमच्या घरात कुणाचं काही खाजगी म्हणून नसतं. पाहुणा आत आला की माझी आई त्याला आधी पाणी देते आणि लगेच पगार विचारते. त्यामुळे बेनीसर नावाचा माणूस माझ्या पचनी पडायला वेळ लागला.

त्यांना काहीही सरळ विचारून बघा. "सर, किती वाजले?" तर म्हणतील, "कुठे जायचंय?" स्टेशनला म्हटलं की म्हणणार, "मग चहा पिऊन जा, वेळ आहे." किती वाजले ते नाहीच सांगणार. संताप याचा येतो की वेळ खरंच असतो. त्यांच्या सांगण्यावरून निघालेल्या माणसाची गाडी आजवर चुकलेली नाही.

एकदा त्यांच्या वाढदिवसाला केक आणायचा होता. मी विचारलं, "सर, वय काय तुमचं?"

"काय करायचंय?"

"केकवर आकडा लावायचाय."

"आकडा कोण खाणार? केक आण ना."

केक आणला. आकड्याच्या जागी काजू लावले. कोणाचं काही अडलं नाही.

आणि तो बाटली मसाला! मे महिन्यात यांच्याकडे मसाले कुटतात आणि बाटल्यांत ठासून भरून ठेवतात. त्या मसाल्यातलं माशाचं कालवण त्यांच्या डब्यातून मी चाखलं, घरी वर्णन केलं, आणि आईनं हुकूम सोडला की मसाल्याचं प्रमाण आण. मी सरांकडे गेले. "प्रमाण काय करायचंय?" "आईला मसाला करायचाय." "मसाला करून काय करायचंय?" "कालवण." सरांनी हात पुढे केला. "डबा दे." दुसऱ्या दिवशी डबाभर कालवण आलं. त्यानंतर दर मोसमात येत राहिलं. आईनं ते बोटं चाटत खाल्लं आणि प्रत्येक घासाला त्यांना शिव्या घातल्या. "एवढा कसला मेला गुपितखोर!" प्रमाण आजतागायत मिळालेलं नाही.

हा नुसता चक्रमपणा आहे असंच मी धरून चालले होते. मग एक दिवस त्यांचं काम काय आहे ते कळलं आणि माझं तोंड बंद झालं. हे फार वेळा होत नाही.

ते काम मी त्यांनी मला समजावलं तसंच सांगते. कॉम्प्युटरमध्ये एका विद्यार्थ्याची सगळी माहिती एका गाठोड्यात बांधलेली असते. त्या गाठोड्यात रकाने असतात. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, रक्तगट, फी भरली की नाही, आजार काही आहे का. फीचा प्रोग्राम लिहिणारा वेगळा, परीक्षेचा वेगळा, कँटीनचा वेगळा. या सगळ्यांना त्याच गाठोड्यापाशी यावं लागतं. आता त्यातला कुठला रकाना बाहेरच्यांना दिसावा आणि कुठल्याला हात लावता यावा, हे गाठोडं बांधणारा ठरवतो. रकान्याच्या आधी एक शब्द लिहायचा असतो. 'पब्लिक' लिहिलं तर रकाना उघडा. कोणीही यावं, बघावं, बदलून जावं. 'प्रायव्हेट' लिहिलं तर बंद. मग आत हात घालता येत नाही. गाठोड्यालाच सांगावं लागतं की बाबा रे, माझं एवढं काम कर. ते आतल्या आत बघतं, काम करून देतं, पण रकाना दाखवत नाही.

"म्हणजे स्टेपलर," मी म्हणाले.

बेनीसर इतके खूश झाले की त्यांनी मला खणातली चिकी दिली. अर्थात स्वतः तोडून.

पूर्वी आमचे सगळे रकाने उघडे होते. घाईनं बनवलेलं सॉफ्टवेअर. उघडं ठेवलं की काम पटापट होतं. त्याचं फळ घाटकोपरच्या एका शाळेत मिळालं. कँटीनच्या काउंटरवर वाढणाऱ्या बाईंना पडद्यावर फक्त मुलाचं नाव दिसायचं. कोणाला कांदा-लसूण चालत नाही हे त्यांना कळायला पाहिजे होतं. कँटीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या सद्गृहस्थांनी विचार केला, नावाचा रकाना उघडाच आहे, मग नावापुढेच लिहून टाकू. कँटीनचं काम झकास झालं. पण नावाचा रकाना सगळ्या प्रोग्रामना मिळून एकच असतो. वार्षिक समारंभाची बक्षिसांची यादी त्याच रकान्यातून छापली गेली. प्रमुख पाहुणे निवृत्त फौजी होते, समोर आलेला शब्द गाळणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. खणखणीत आवाजात त्यांनी पुकारलं, "इयत्ता सातवी, गणितात प्रथम, हर्ष शहा कांदा-लसूण नाही!"

मी दुसऱ्या रांगेत होते. पदर तोंडात कोंबून हसले. ऑफिसात येऊन नक्कल करून दाखवली तर सगळे टेबलावर डोकी टेकून हसले. बेनीसर हसले नाहीत.

"पोरगा रडला का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, सर. पण आता त्याला शाळेत कांदा-लसूणच म्हणतात म्हणे."

"शाळा सुटेपर्यंत म्हणतील," बेनीसर म्हणाले आणि वळून कामाला लागले.

त्या आठवड्यापासून त्यांनी एकेक करून सगळे रकाने बंद करायला घेतले. ऑफिसात बोंब उठली. "वाट लागली यार," असं म्हणत प्रोग्रामर मंडळी त्यांच्या टेबलापुढे रांग लावून उभी राहू लागली. "सर, मला जन्मतारीख उघडून द्या ना." "काय करायचंय?" "वय काढायचंय." "वय काढून काय करायचंय?" "चौदा वर्षांखालच्या कबड्डीत बसतो का बघायचंय." "मग तेवढंच विचार गाठोड्याला, बसतो का. ते हो किंवा नाही म्हणेल. जन्मतारीख कशाला?" असं प्रत्येकाशी. न चिडता. समोरचा माणूस चिडून, थकून, शेवटी स्वतःच हसायला लागेपर्यंत.

मी लांबून बघायचे. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की यातल्या बहुतेकांना जे हवं म्हणून ते आले होते, ते त्यांना मुळात नकोच होतं. त्यांना काहीतरी करायचं होतं. काय करायचंय ते या माणसाशिवाय त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी थक्क झाले. इतकी वर्षं मी लोकांना नाव, गाव, पगार विचारत आले, पण हा प्रश्न माझ्याही तोंडातून कधी निघाला नव्हता.

मग भांडुपच्या शाळेचं प्रकरण आलं.

तिथे पालकांना बोलावून मुलांची माहिती भरून घेत होतो. पालक एकेक करून कॉम्प्युटरपाशी बसत, मी शेजारी. एका मुलीची आई सगळे रकाने भराभर भरत गेली आणि 'आजार' या रकान्यापाशी थांबली. पुढे गेली. परत मागे आली. शेवटी रिकामा सोडून उठली. मुलीचं नाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर बेनीसर आयुष्यात माझ्याशी बोलायचे नाहीत.

थोड्या वेळानं ती बाई मला पाण्याच्या टाकीपाशी गाठून म्हणाली, "मॅडम, इथं लिहिलेलं कोणाकोणाला दिसतं?"

"का हो?"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "पोरीला फिट येतात. गोळ्या चालू आहेत, क्वचित येते. पण आधीच्या शाळेत सगळ्या वर्गाला कळलं. बाकावर शेजारी कोणी बसेना. वाढदिवसाला बोलावणी बंद. म्हणून शाळा बदलली. आता इथं पण तेच झालं तर ही घराबाहेर पडायचीच नाही. लिहू की नको, तुम्हीच सांगा."

मी बेनीसरांपाशी येऊन सगळं सांगितलं. ऐकताना ते स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी मुलीचं नाव विचारलं नाही, शाळाही विचारली नाही. एवढंच म्हणाले, "मैदानावर पडली तर जवळ कोण असतं?"

"पीटीचे सर."

"त्यांना माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

नेमकं त्याच सुमारास त्या शाळेच्या मोठ्या बाईंचं मागणं आलं. सगळ्या शिक्षकांच्या मोबाइलवर वर्गाच्या यादीत नावापुढे आजार दिसला पाहिजे आणि ज्याला आजार असेल त्याच्या नावाला लाल टिकली पाहिजे. आमचा मॅनेजर कौस्तुभ हो म्हणून बसला आणि बेनीसरांच्या टेबलाशी आला.

"सर, आजाराचा रकाना तेवढा पब्लिक करून टाका. एका शब्दाचं काम आहे."

"काय करायचंय?"

"शिक्षकांना दिसला पाहिजे, दुसरं काय!"

"दिसल्यावर काय करणार?"

"काय करणार म्हणजे? कळेल ना त्यांना!"

"कळल्यावर?"

कौस्तुभ भडकला. एरवी तो भला माणूस आहे, पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. "सर, तुमचं हे नेहमीचं आता बास हां! उद्या एखादं पोर मैदानावर पडलं आणि मास्तरला माहीतच नसलं, तर? तुमच्या प्रायव्हेटपायी एखाद्याचा जीव जायचा!"

बेनीसर उठले, कूलरपाशी जाऊन पाणी प्यायले आणि परत आले.

"तू बरोबर बोललास," ते म्हणाले. "मास्तरला कळायला पाहिजे. मी करून देतो. पण रकाना उघडणार नाही. उघडाच पाहिजे असेल तर दुसऱ्याकडून करून घे, आणि माझी खुर्चीपण त्यालाच दे."

ही धमकी नव्हती. ते खणातली चिकी आणि चष्म्याची डबी पिशवीत भरायला लागले होते. कौस्तुभनंच घाबरून पिशवी धरली.

आता सगळं त्या रकान्यावर येऊन ठेपलं होतं. तो उघडला तर त्या मुलीची आई तो भरणार नव्हती, भरला तर मुलगी शाळेत टिकणार नव्हती. बंद ठेवला तर मुलगी पडेल तेव्हा मास्तर नुसतेच उभे राहणार होते. मला दोन्हीकडून भीतीच दिसत होती.

बेनीसर काही दिवस त्याच कामाला लागले. मध्येच दोन डॉक्टरांना फोन केले. मला भांडुपला पाठवून पीटीच्या सरांना विचारायला सांगितलं की पोर पडलं तर पहिल्या मिनिटाला तुम्ही काय करता. ते सर प्रामाणिक होते. म्हणाले, "खरं सांगू का मॅडम? घाबरतो."

मग आम्ही शाळेत गेलो. मोठ्या बाई, पीटीचे सर, कौस्तुभ, मी. बेनीसरांनी मोबाइल पुढे केला. वर्गाची यादी होती. लाल टिकली कुठेच नव्हती. प्रत्येक नावापुढे एक छोटं हिरवं बटण होतं, 'मदत'. प्रत्येक नावापुढे, झाडून सगळ्यांच्या.

"यातलं आजारी कोण आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दाबून बघा," बेनीसर म्हणाले.

त्यांनी एका मुलाचं बटण दाबलं. पडला, लागलं तर जखम धुवा, पाणी द्या, घरी कळवा. खाली फोनचं बटण. दुसऱ्याचं दाबलं, दम लागला तर बसवा, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात पंप आहे तो द्या. मग एक नाव असं आलं: कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका, नाकाशी चप्पल-कांदा लावू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर अॅम्ब्युलन्स बोलवा. थांबलं तर शेजारी बसून राहा, नावानं हाक मारा, घरी कळवा.

हे नाव बेनीसरांनी दाखवण्यापुरतं खोटंच घातलं होतं. खऱ्या मुलीचा रकाना अजून रिकामा होता.

"चप्पल?" मोठ्या बाई हसल्या. "हे आता कोण करतं हो?"

बेनीसर हसले नाहीत. पीटीचे सरही नाहीत.

"पण हिला झालंय काय, ते कुठे दिसतं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय करायचंय, मॅडम?" बेनीसरांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मोठ्या बाईंनी पुन्हा बटण दाबायला हात नेला, पण मोबाइल जागेवर नव्हता. पीटीचे सर मोबाइल हातात घेऊन तो मजकूर पुन्हा वाचत होते. "बाई, मला हेच पाहिजे होतं," ते म्हणाले. "आजाराचं नाव कळून मी काय करू? मी काय डॉक्टर आहे?"

मी कौस्तुभकडे बघितलं. तो कपाळाला हात लावून बसला होता आणि हसत होता. एका शब्दाचं काम पाच मिनिटांत उरकता आलं असतं. या माणसानं त्या एका शब्दासाठी सगळ्या वर्गाला बटण दिलं, कारण एकाच मुलीला दिलं असतं तर ते बटणच तिची टिकली झाली असती. इतका खोल विचार मी माझ्या सख्ख्या माणसांबद्दलसुद्धा कधी केलेला नाही.

त्या मुलीच्या आईला बोलावून मी बटण दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मग सगळ्या मुलांच्या नावापुढे तसंच आहे याची दोनदा खात्री करून घेतली, आणि रकाना भरला.

दिवाळीनंतर एका सकाळी खो-खोच्या तासाला ती मुलगी पडली. पीटीच्या सरांनी मला फोन करून सांगितलं. त्यांनी बटण दाबलं, तसंच्या तसं केलं. फिट मिनिटभरात थांबली. चक्कर आली असेल म्हणून मुलं पुन्हा खेळायला पळाली. दोन दिवसांनी मुलगी शाळेत आली आणि तिच्या बाकावर तिची मैत्रीण आधीच जागा धरून बसलेली होती.

हे मी बेनीसरांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. जाता जाता म्हणाले, "रविवारी मनोरीला ये. मासे खायला."

पत्ता विचारायची सोय नव्हती. "मी जेट्टीवर येतो," ते म्हणाले, आणि तरी धक्क्याला लागली तेव्हा खरंच छत्री घेऊन उन्हात उभे होते. घर जुनं, कौलारू, पुढे ओटा. मला दारात सोडून ते तडक मागच्या दारी मासे साफ करायला गेले. त्यांच्या बहिणीबद्दल, इलायझाबाईंबद्दल, मी इतक्या वर्षांत एवढंच ऐकलं होतं की त्या आहेत. मी मनाशी एक घाबरट, अबोल बाई रंगवली होती.

आतून मॅक्सी घातलेली, भरल्या अंगाची, हसऱ्या तोंडाची बाई आली. "ये बाय, बस. तू पार्ल्याची ना? मला फिट येतात हां. मध्येच पडले तर घाबरू नको. कुशीवर वळव आणि तुझा चहा पी."

मी गार पडले. मग दोघीही खो खो हसलो.

"सगळ्यांना असंच सांगता?"

"मग? तरीवाल्याला माहीत हाय, मासळीवालीला माहीत हाय, फादरला माहीत हाय. ज्याला सांगायचं त्याला मीच सांगते. लपवायचं काय त्यात? एक बेनीच नाय बोलत."

माझं तोंड मोकळं सुटलं. भांडुपची मुलगी, तिची आई, कौस्तुभचं भांडण, भरलेली पिशवी, हिरवं बटण, सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"हे त्यांनी घरी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तो? घरातलं मीठ संपलं तरी सांगत नाय. आणून ठेवतो." मग त्या म्हणाल्या, "चौथीत होते मी. प्रार्थनेच्या रांगेत पडले. कोणाला काय करावं समजेना. कोणी चप्पल आणली, कोणी कांदा आणायला धावलं. बाईंनी बेनीला वरच्या वर्गातून बोलावलं, सगळ्या शाळेसमोर विचारलं, तुझ्या बहिणीला काय झालंय? डॉक्टरनं घरी आजाराचं जे नाव सांगितलेलं, ते त्यानं सांगितलं. मोठ्यानं, नीट उभं राहून. शहाणा पोरगा होता ना. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव कोणी घेतलं नाय, तेच नाव घेतलं. चौथीनंतर मी शाळेत गेलेच नाय."

मी मागच्या दाराकडे बघितलं.

"त्याचं काय चुकलं, सांग. बारका पोर. विचारलं ते सांगितलं. मी किती वेळा बोलले त्याला, मला काय राग नाय रे. ऐकून घेतो आणि उठून जातो." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तशाच बोलत राहिल्या. "त्याच्या लग्नाचं पण तसंच. घरी कोणाला आणलं आणि तिनं माझ्याबद्दल बाहेर सांगितलं, तर? म्हणून नाय केलं. मला तोंडानं नाय सांगितलं कधी. मला काय कळत नाय?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि मागच्या दारी गेल्या. दार उघडं होतं. बेनीसर पायरीवर बसून, पुढ्यात परात घेऊन माशाची खवलं काढत होते. इलायझाबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. फक्त सुरीचा आवाज येत होता.

"बेनी, ती भांडुपची पोरगी कितवीत हाय रे?"

सुरी थांबली. त्यांनी वळून दारातून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"चौथीत," बेनीसर म्हणाले.

"म्हणजे जूनमध्ये पाचवीत जाईल."

"जाईल."

त्यांचे हात मासळीनं माखलेले होते, म्हणून त्यांना डोळे पुसता येईनात. ते इलायझाबाईंनी पुसले.